वाडीतून थेट घरी: कोकणातल्या अन्न उत्पादकांचे जाळे कसे बांधावे

कोकणात पिकते पुष्कळ, पण ते एका जागी पिकत नाही आणि बारा महिने पिकत नाही. एका घराच्या मागे दोन रातांबे (कोकमाची झाडे) असतात, शेजारच्या घराकडे पाच-सहा गुंठे नाचणी असते, पलीकडच्या परसात बरका आणि कापा मिळून चार फणस असतात आणि खाडीकडच्या वाडीत जवळा-बोंबील वाळत असतो. प्रत्येकाकडे घरच्यापुरते होऊन थोडे उरते, पण टेम्पो भरेल इतके कुणाकडेच नसते. त्यामुळे दारात येणारा व्यापारी देईल त्या दराला माल द्यावा लागतो, आणि तो आला नाही तर रातांबे झाडाखालीच कुजतात. त्याच वेळी डोंबिवलीत किंवा लालबागमध्ये राहणारा त्याच गावचा माणूस, कुठे आणि कसे बनले याचा पत्ता नसलेले आमसूल दुकानातून विकत घेत असतो. ही दोन टोके जोडणे एकट्यादुकट्या घराच्या आवाक्यातले नाही, मात्र दहा-बारा घरांनी मिळून ठरवले तर ते होते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे इथे सविस्तर मांडले आहे.

एक मत सुरुवातीलाच सांगायला हवे. अशा कामाचा आरंभ बहुतेक ठिकाणी संस्थेचे नाव, शिक्का, नोंदणी आणि अनुदान यांपासून होतो, आणि पहिल्या हंगामाचे पैसे वेळेवर हातात पडले नाहीत की तिथेच ते काम थांबते. जाळे टिकण्यासाठी कोणता माल कधी येणार याचे वेळापत्रक, ठरवून घेतलेला दर्जा आणि कुणालाही उघडून पाहता येईल असा हिशेब या तीन गोष्टी लागतात. नोंदणीही लागते, पण तिची पाळी या तिन्हींनंतर येते.

आधी वाडी पाहावी

पहिले काम पाहणीचे आहे आणि त्यासाठी गाव हे फार मोठे एकक ठरते. कोकणातले गाव अनेक वाड्यांत पसरलेले असते; एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना कधी चढण लागते, कधी वहाळ ओलांडावा लागतो. म्हणून एकच वाडी, फार तर शेजारच्या दोन वाड्या निवडाव्यात, घरोघर जावे आणि एका वहीत प्रत्येक घरासाठी एक पान ठेवावे. काय पिकते, काय बनते, कोणत्या महिन्यात हाती येते, घरचा वापर वजा जाता किती उरते आणि आजवर ते कुणाला, काय दराने दिले जाते, एवढे त्या पानावर लिहावे. नुसते ‘आंबा’ असे मोघम न लिहिता ‘हापूसची १५ कलमे, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून फळ, बाग तीन वर्षांसाठी कराराने दिलेली’ असे लिहावे, कारण कराराने दिलेल्या बागेतले एकही फळ जाळ्याच्या हिशेबात धरता येत नाही.

ही चौकशी घरातल्या बायकांकडे जरूर करावी. आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाची पिठी, सांडगी मिरची, आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे हा सगळा माल त्यांच्या हातचा असतो आणि किती बरण्या उरतात हे त्याच नेमके सांगू शकतात. फक्त पुरुषांना विचारले तर यादीत आंबा, काजू, नारळ आणि सुपारी एवढेच येते, आणि पहिल्या वर्षी जाळ्याला सर्वांत जास्त हात देणारा टिकाऊ माल वहीबाहेर राहतो.

या वहीत मच्छीमार कुटुंबांची पाने असावीत, रायगड जिल्ह्यात पावसाळी भाज्या आणि खेकडे घेऊन बाजारात बसणाऱ्या कातकरी कुटुंबांची असावीत, डोंगराच्या पायथ्याशी गुरे राखून दूध-तूप करणाऱ्या घरांचीही असावीत. यांतल्या अनेकांच्या नावावर जमीन नसते. जमीन असणाऱ्यांचीही स्थिती सरळ नसते; सातबाऱ्यावर तीन पिढ्यांच्या सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतले निम्मे मुंबईत असतात आणि सगळ्यांची संमती मिळवता मिळवता योजनेची मुदत संपून जाते. म्हणून जाळ्याचे सदस्यत्व सातबाऱ्यावर ठरवू नये. जो स्वतः पिकवतो, पकडतो, गोळा करतो किंवा बनवतो तो सदस्य, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा.

गिऱ्हाईक आधी, माल नंतर

पाहणी झाल्यावर माल गोळा करण्याची घाई होते. ती आवरावी आणि आधी गिऱ्हाईक ठरवावे. कोकणाला या बाबतीत एक मोठा आधार आहे, तो म्हणजे चाकरमानी. मुंबई-ठाणे परिसरात गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांचे जुने संघटन आहे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, गणपतीच्या एसटी गाड्यांचे आरक्षण, शाळेच्या इमारतीची वर्गणी ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केलेली आहेत. त्यांच्याकडे याद्या आहेत, फोन नंबर आहेत आणि घरच्या चवीची ओढ आहे. मंडळाच्या बैठकीत जाऊन तीन-चार वस्तूंची यादी ठेवावी आणि ‘घेणार का?’ असे न विचारता ‘वर्षाला किती आमसूल लागते, किती किलो तांदूळ लागतो, कधी लागतो?’ असे विचारावे. चाळीस घरांनी आकडा लिहून दिला की पहिल्या हंगामाचे काम उभे राहते.

दुसरे गिऱ्हाईक गावाजवळच असते आणि त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात घरगुती निवास आणि खानावळी पुष्कळ आहेत. पाहुण्याला कोकणी जेवण वाढायचे, पण तांदूळ, कडधान्य आणि भाजी घाटावरून आलेली, असे अनेक ठिकाणी चालते. अशा एका खानावळीला आठवड्याला किती नारळ, किती उकडा तांदूळ, किती कुळीथ, किती भाजी लागते हे विचारून घ्यावे. तिथे वाहतुकीचा खर्च जवळजवळ नसतो, नाशवंत माल त्याच दिवशी पोचतो आणि पैसे आठवड्याच्या आठवड्याला मिळू शकतात. माझ्या मते प्रत्येक नव्या गटाने किमान दोन खानावळी बांधून घेतल्याशिवाय मुंबईला माल पाठवायला सुरुवात करू नये.

अनोळखी शहरी ग्राहक, ऑनलाइन विक्री आणि मोठ्या शहरांतली प्रदर्शने हे सगळे तिसऱ्या क्रमांकावर येते. तिथे भाव चांगला मिळतो, परंतु परत आलेला माल, फुटलेल्या बाटल्या आणि तक्रारी सांभाळण्याची तयारी असावी लागते आणि ती पहिल्या वर्षी नसते.

कामे वाटून घ्यावीत

आरंभीचा गट आठ ते बारा घरांचा असावा. वाडीत महिला बचत गट चालू असेल आणि त्याच्या बैठका, बचत, कर्जवाटप, परतफेड व नोंदी नियमित असतील तर नवे काही उभे न करता त्याच गटाच्या आधाराने काम सुरू करावे, कारण एकमेकींच्या पैशांवर विश्वास ठेवण्याची सवय तिथे आधीच लागलेली असते. ग्रामीण जीवनोन्नतीचे ‘उमेद’ अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्याशी जोडलेल्या गटांना प्रशिक्षण आणि मेळाव्यांत जागा मिळण्याची सोयही होते.

माल तपासून घेणे, मागणी नोंदवणे, बांधणी व पाठवणी पाहणे आणि हिशेब ठेवणे अशी चार कामे चार वेगळ्या व्यक्तींकडे द्यावीत. माल तपासणारी व्यक्ती आणि पैसे वाटणारी व्यक्ती एकच असू नये, हे कटाक्षाने पाळावे. हिशेबाच्या कामासाठी नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले शिक्षक, गिरणी किंवा बँक कर्मचारी फार उपयोगी पडतात. या कामांना थोडे का होईना मानधन ठेवावे. फुकटचे काम शिमग्यापर्यंत उत्साहाने होते आणि लावणीच्या दिवसांत कुणालाच ते करायला वेळ उरत नाही.

दर्जा कसा ठरवावा

जाळ्याचे नाव एका खराब बरणीने जाते, आणि बरणी कुणाच्या घरची होती हे गिऱ्हाईक विचारत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी ‘नमुना बरणी’ ठेवावी. सर्वांनी मिळून चाखून, पाहून ज्या घरचा माल उत्तम ठरवला, त्याचा नमुना संकलनाच्या जागी ठेवायचा आणि येणारा प्रत्येक माल त्याच्याशी ताडून पाहायचा. माल नाकारावा लागला तर तो मालकाच्या समोर, नमुन्याशेजारी ठेवून नाकारावा आणि काय कमी पडले ते सांगावे. पाठीमागे नाकारलेल्या मालामुळे वाडीत अबोला धरला जातो.

आमसुलाचे उदाहरण घेऊ. एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, साले उन्हात वाळवतात आणि गराच्या रसात मीठ घालून त्याचे पूट त्या सालींना पुन्हापुन्हा देतात. एकदा बुडवायचे, वाळवायचे, परत बुडवायचे, परत वाळवायचे, असे काही दिवस चालते. पूट कमी पडले तर आमसूल फिके आणि कोरडे होते; घाईने डब्यात भरले तर आत ओल राहून पावसाळ्यात बुरशी धरते; मीठ जास्त झाले तर वजन वाढते, पण आमटी खारट होते आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. चांगले आमसूल काळपट जांभळे, बोटाने वाकवल्यावर न तुटणारे आणि दाबल्यावर हाताला पाणी न लागणारे असते. ही तीन लक्षणे कागदावर लिहून भिंतीला लावावीत, मिठाचे माप सर्व घरांसाठी एकच ठरवावे आणि वळवाच्या पावसाआधी शेवटचे पूट देऊन माल बंद व्हावा अशी तारीख ठरवावी. आगळ आणि सरबत या वेगळ्या वस्तू आहेत, त्यांच्या चिठ्ठ्याही वेगळ्या असाव्यात; आगळात मीठ असते आणि सरबतात साखर, आणि शहरातली नवी पिढी सोलकढीसाठी चुकून सरबताची बाटली उचलते.

आंब्याला वेगळी शिस्त लागते. फळ चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झाल्यावर, देठ ठेवून, झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने) उतरवावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला यासाठी सोयीचा आहे. फळ खाली आपटत नाही आणि देठ राहिल्याने चीक सालीवर ओघळत नाही. पुढे फळ आढीत, पेंढ्याच्या थरांत पिकवावे. कॅल्शियम कार्बाईडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी जाळ्यात त्याला थारा असता कामा नये. पेटीत एकाच आकाराची फळे भरावीत आणि वर किती डझन आहेत ते लिहावे. हापूसच्या आत साका (गरातला पांढुरका, खराब झालेला भाग) निघतो तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ‘साका निघालेल्या फळाचा फोटो पाठवल्यास तेवढी रक्कम पुढच्या खरेदीत वळती’ असा नियम आधीच जाहीर करावा. त्याचा खर्च थोडा असतो, आणि गिऱ्हाईक मात्र धरून राहते.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गचे कोकम, वेंगुर्ल्याचा काजू, अलिबागचा पांढरा कांदा यांनाही मानांकन आहे. मात्र मानांकनाचे चिन्ह पेटीवर लावायचे तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. बाजारात परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो याबद्दल आपण तक्रार करतो, पण आपल्या बागायतदारांपैकी अनेकांनी ही नोंद केलेली नसते. गटाने हे अर्ज एकत्र भरून घ्यावेत.

डबाबंद किंवा बाटलीबंद खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी लागते. छोट्या घरगुती उत्पादकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी चालते आणि मिळणारा १४ अंकी क्रमांक चिठ्ठीवर छापावा लागतो. चिठ्ठीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असावी. त्याखाली वाडीचे आणि बनवणाऱ्या घराचे नाव छापावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्या बाईच्या हातची आंबापोळी आहे तिचे नाव तिच्यावर असले पाहिजे, आणि माल कुठून आला हे शोधायलाही त्याचाच उपयोग होतो.

रासायनिक खते-औषधे न वापरणाऱ्या घरांना ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचे असेल तर खर्चिक प्रमाणपत्राऐवजी सहभागी हमी पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो. नोंद होईपर्यंत चिठ्ठीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द वापरू नये.

दर आणि पैसा

दर ठरवताना मजुरी धरली जात नाही, ही कोकणातल्या घरगुती मालाची जुनी अडचण आहे. ओले काजूगर काढणारी बाई चिकाने बोटे सोलवटून घेते, आणि दर काढताना फक्त बियांची किंमत मोजली जाते. प्रत्येक वस्तूसाठी किती तास गेले हे दोन घरांत प्रत्यक्ष बसून मोजावे, गावातली चालू मजुरी त्याला लावावी आणि मग दर ठरवावा.

विकलेल्या रकमेचे वाटप आधीच ठरलेले असावे. उदाहरणादाखल, एका घराने १० किलो आमसूल दिले आणि ते ४०० रुपये किलोने विकले गेले असे समजू. एकूण ४,००० रुपये आले. त्यांतले ७८ टक्के उत्पादकाला द्यायचे ठरले तर ३,१२० रुपये घरात जातात. ८ टक्के म्हणजे ३२० रुपये बांधणी व चिठ्ठीला, ७ टक्के म्हणजे २८० वाहतुकीला, ५ टक्के म्हणजे २०० मानधन व किरकोळ खर्चाला आणि २ टक्के म्हणजे ८० रुपये आपत्ती निधीला जातात. प्रत्येक गटाचे प्रमाण वेगळे असेल, पण ते टक्क्यांत, सर्वांसमोर आणि हंगामाआधी ठरले पाहिजे. दर महिन्याच्या हिशेबाचे पान फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावे आणि छापील प्रत संकलनाच्या जागी लावावी, कारण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचाही तो हिशेब आहे.

माल घेताना निम्मी रक्कम आणि विक्रीनंतर सात दिवसांत उरलेली, हा नियम शक्यतो मोडू नये. पहिल्या निम्म्या रकमेसाठी भांडवल लागते. ते बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा मंडळातल्या ग्राहकांनी आगाऊ भरलेल्या नोंदणी रकमेतून उभे करता येते.

इथे व्यापाऱ्याबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. आंब्याला मोहोर येण्याआधी खत, फवारणी आणि राखणीसाठी पैसा लागतो, आणि अनेक बागायतदारांना तो वाशीचा अडत्या किंवा गावात येणारा व्यापारी आगाऊ देतो. घरात आजारपण आले तरी तोच धावून येतो. त्या उचलीच्या बदल्यात माल त्याच्याकडेच द्यावा लागतो, हे खरे. पण ती गरज भागवण्याची सोय जाळ्याकडे नसताना ‘व्यापाऱ्याला माल देऊ नका’ असे सांगणे चुकीचे आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक बागेतून साधारण दहावा हिस्सा मागावा, पैसे वेळेवर द्यावेत आणि पुढे निधी वाढला की छोट्या उचलीची सोय करावी. २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यामुळे थेट विक्रीला कायद्याची आडकाठी नाही. अडचण भांडवलाची आहे आणि तिच्यावर हळूहळूच मात होते.

संकलन आणि पाठवणी

संकलनाची जागा एसटीच्या थांब्याजवळ किंवा डांबरी रस्त्याला लागून असावी, छप्पर पक्के असावे आणि माल जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावा. कोकणातल्या दमट हवेत जमिनीवर ठेवलेला तांदूळ आणि पोळ्या आठवड्यात ओल धरतात. सुकी मासळी आणि इतर माल यांच्या खोल्या वेगळ्या हव्यात; एका खोलीत ठेवलेल्या आंबापोळीला सुकटीचा वास लागला की ती कुणीच घेत नाही.

पंधरा दिवसांतून एक ठरलेला दिवस ठेवावा. गावाकडून मुंबईला जाणाऱ्या एसटी, खासगी बस आणि कोकण रेल्वे या तिन्ही मार्गांनी खोके जातात. कोणत्या मार्गाने किती खर्च येतो, खोके कोण उतरवून घेणार आणि ते किती वाजता पोचते याची एकदा छोटी चाचणी घ्यावी. मुंबईत घरोघर पोचवण्याच्या फंदात पडू नये. दादर, बोरिवली, डोंबिवली, विरार अशा ठिकाणी मंडळातल्या एकेका घराला वाटप केंद्र करावे आणि ग्राहकांनी तिथून माल न्यावा. ताजी मासळी दूर पाठवू नये. बर्फ, वेळ आणि वास या तिन्ही बाबतींत छोट्या गटाला ते झेपत नाही. ती जवळच्या खानावळींना त्याच सकाळी द्यावी.

वर्षाचे गणित

फेब्रुवारीत ओले काजूगर सुरू होतात, मार्चपासून आंबा, एप्रिल-मेमध्ये फणस, रातांबे, करवंदे आणि जांभळे एकदम येतात आणि मृग लागला की सगळे थांबते. चार महिन्यांत दमछाक आणि आठ महिने हात रिकामे, असा हा क्रम आहे. जाळ्याने मेहनत घ्यायची ती हा क्रम बदलण्यासाठी. उन्हाळ्यातला जितका माल आमसूल, आगळ, पोळी, वाळवलेल्या आठळ्या (फणसाच्या बिया) आणि सुकी मासळी या रूपांत साठवता येईल तितका पावसाळ्यासाठी राखावा. जून आणि जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या काळात सोडे, सुकट आणि बोंबलाला घरोघरी मागणी असते. मेअखेर सगळा साठा स्वस्तात काढून टाकण्याऐवजी त्याचा निम्मा भाग हवाबंद डब्यांत जुलैपर्यंत ठेवला तर मच्छीमार कुटुंबाला बंदीच्या काळात उत्पन्न मिळते.

पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळ, कंटोली अशा भाज्या येतात. त्या फक्त जवळच्या बाजारासाठी ठेवाव्यात आणि गोळा करणाऱ्यांनी मुळासकट न उपटता खुडून आणाव्यात. शेवळ कशी शिजवायची हे माहीत नसलेल्या ग्राहकाच्या घशाला ती खाजते, म्हणून जुडीसोबत काकडे किंवा बोंडारा घालून शिजवण्याची कृती लिहून द्यावी.

भाद्रपदात गणपतीला अख्खी मुंबई गावात येते. हा वर्षातला सर्वांत मोठा बाजार आपल्या दारात भरतो आणि त्यासाठी वाहतुकीचा एक रुपयाही लागत नाही. परतीच्या दिवसाच्या दोन दिवस आधी देवळाजवळ किंवा शाळेत विक्रीची मांडणी करावी आणि त्याच वेळी दिवाळीनंतरच्या नव्या तांदळाची मागणी नोंदवून घ्यावी. वालय, बेळा, मुंडगा यांसारखी जुनी लाल भाते आणि उकडा तांदूळ अशा आगाऊ मागणीवरच टिकतील. बियाणे राखणाऱ्या घराला ‘पुढच्या वर्षीही घेऊ’ हे कुणीतरी सांगावे लागते. थंडीत कुळीथ, चवळी, रायगडचे वाल आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात. शिमग्याला गणपतीसारखीच दुसरी विक्री करावी.

नोंदणी कधी आणि कोणती

दोन हंगाम हिशेब बिनतक्रार पार पडला की नोंदणीचा विचार करावा. सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवता येते. किनाऱ्यावर मच्छीमार संस्थांचा तो अनुभव गाठीशी असतो. दुसरा मार्ग उत्पादक कंपनीचा. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तो खुला झाला आणि किमान १० उत्पादक मिळून ती स्थापू शकतात, किमान ५ संचालक लागतात. कंपनी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि सभा यांचा खर्च येतो; वार्षिक उलाढाल तो खर्च सहज सोसेल इतकी झाल्याशिवाय कंपनी काढू नये. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले होते. अर्जापूर्वी योजना चालू आहे का आणि तिच्या अटी काय आहेत हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे, आणि अनुदानासाठी यंत्र घेण्याऐवजी यंत्राची गरज सिद्ध झाल्यावर अनुदान शोधावे.

वादळाची तयारी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली भागांतल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, आंबा झाडावर असतानाच, तौक्ते आले. नारळाचे रोप लावून उत्पन्न मिळेपर्यंत अनेक वर्षे जातात. आपत्ती निधीसाठी काढलेले दोन टक्के ती भरपाई करू शकत नाहीत आणि तसे आश्वासन कुणाला देऊही नये. निधीचा उपयोग तातडीच्या कामांना आहे: पडलेली झाडे कापण्याची मजुरी, छपरावर ताडपत्री, भिजलेला माल वाळवण्याची सोय, आणि पंचनाम्यासाठी लागणारे फोटो व कागद वेळेवर जमवणे. बागेचे, झाडांच्या संख्येचे आणि साठ्याचे फोटो दरवर्षी एप्रिलमध्ये काढून ठेवावेत, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी आधीची स्थिती दाखवता येते. मंडळातल्या ग्राहकांनी अशा वर्षी पुढच्या हंगामाची आगाऊ नोंदणी भरली तर त्याचा आधार निधीपेक्षा मोठा असतो, आणि ही विनंती करण्याची तयारी आधीच्या चांगल्या वर्षांत करून ठेवावी लागते.

वाढ आणि वार्षिक बैठक

काम चालले की शेजारच्या वाड्यांतून विचारणा होते. त्यांना आपल्या गटात घेऊन पन्नास घरांचा एक मोठा गट करू नये. त्यांनी आपला गट, आपला हिशेबनीस आणि आपली नमुना बरणी ठेवावी. वाहतूक, चिठ्ठ्यांची छपाई आणि मुंबईतले वाटप तेवढे एकत्र करावे. भांडण झालेच तर ते एका वाडीपुरते राहते आणि दुसऱ्या वाडीचा माल थांबत नाही.

वार्षिक बैठक भात झोडून झाल्यावर आणि काजू सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत घ्यावी आणि तिला मंडळाच्या प्रतिनिधींना व खानावळीवाल्यांनाही बोलवावे. वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवावा, कोणत्या घराचा माल कितीदा नाकारला गेला आणि का, हे त्या घराच्या संमतीने सांगावे, ज्या वस्तूला मागणी आली नाही ती यादीतून काढावी. मग फेब्रुवारी ते मे या काळातल्या संकलनाच्या तारखा, प्रत्येक घरचा अंदाजे माल आणि किमान दर ठरवून वहीत सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्या पानाची प्रत दुसऱ्या दिवशी संकलनाच्या जागी लावावी.